दाराजवळ लावलेला हात

आमचे ड्रॉइंगचे सर किती मोठा माणूस, हे मी बरीच वर्षं भेटेल त्याला सांगत आले. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. कंपनीतल्या मैत्रिणींना तर जेवणाच्या सुट्टीत इतक्यांदा सांगितलं, की मी 'आमचे सर' म्हटलं की त्या डबे आवरायला घ्यायच्या. गेल्या काही महिन्यांपासून सांगणं बंद केलं आहे. माणूस मात्र डोक्यातून जात नाही.

आमची शाळा थेरगावातली. वर्गात निम्मी मुलं जुन्या गावातल्या घरांची, निम्मी आमच्यासारखी. बापाला चाकण-भोसरीकडं काम लागलं म्हणून बीड-लातूरकडून आलेली. आठवीपर्यंत ड्रॉइंगचा तास म्हणजे सीनरी. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळ. नववीत हे सर आले. ते कायम नव्हते, तासावर होते, म्हणजे जेवढे तास तेवढेच दिवस त्यांना शाळेत जागा. ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. खिशात ब्लेडनं तासलेल्या सात-आठ पेन्सिली, आणि टोक मोडू नये म्हणून प्रत्येकीला कागदाची पट्टी गुंडाळलेली. स्टाफरूममध्ये ते बसत नसत. ड्रॉइंगच्या खोलीतच खिडकीकडं तोंड करून डबा खायचे.

पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्या बाकांवरून फिरून आमची खोडरबरं गोळा केली आणि टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला.

"सर, चुकलं तर?" कुणीतरी विचारलं.

"चुकलेली रेघ राहू दे. तिच्या शेजारी दुसरी काढ."

मग पिशवीतून भंगारवाल्याकडचे नट काढले आणि एकेकाच्या पुढ्यात एकेक ठेवला. तेलकट, गंजलेले. म्हणाले, "काढा." आम्ही पाच मिनिटांत षटकोन काढला, मध्ये गोल काढला आणि वह्या पुढं केल्या. त्यांनी एकही वही हातात घेतली नाही. "हे तुम्हाला माहीत असलेलं आहे. समोर काय आहे ते काढा," म्हणाले. तीन आठवडे आम्ही तोच नट काढत होतो. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, कलर कधी?" त्यावर सर म्हणाले, "आधी काळं तरी दिसू दे तुला."

नारळाचा त्यांना भयंकर राग. एका मुलानं सवयीनं काढला तर त्याला उभं केलं.

"थेरगावात नारळ कुठं पाहिलास?"

"सर, चित्रात असतो."

"मग चित्रातच राहायला जा."

आम्ही पोट धरून हसलो. त्यांच्या तासाला हसायला फार मिळायचं, आणि ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी जिवावर असायचं. आमच्या वर्गात एक मुलगा कॅलेंडरवरचा गणपती हुबेहूब उतरवायचा. गल्लीत त्याच्या चित्रांना मागणी होती. त्यानं मोठ्या हौसेनं एक गणपती सरांना दाखवला. सरांनी कागद उलटा केला, कोरी बाजू बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ही बाजू जास्त चांगली आहे." वर्ग फुटला. मीही हसले. त्या मुलानं पुढं ग्रेडच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही, आणि ड्रॉइंगच्या तासाला तो खिडकीबाहेर बघत बसायचा. सरांच्या ते लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही. तासन्‌तास गंजलेला नट बघू शकणाऱ्या माणसाला ते दिसायला हवं होतं.

रस्त्यात दिसायचे तेव्हाही असेच. डांगे चौकात सीताफळांच्या ढिगासमोर हात मागं बांधून उभे. गाडीवाला विचारायचा, "काय देऊ?" हे म्हणायचे, "काही नको, बघतोय." एकदा आई सोबत होती. ती म्हणाली, "ह्यांचं बरं हाय ना गं सगळं?" मला इतका राग आला, की घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

कारण तोवर मला दिसायला लागलं होतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. भांड्याच्या कडेवरचा उजेड, आईच्या मानेवरची घडी, समोरच्या पत्र्याच्या शेडची सावली दुपारी कुठवर येते ते. सर माझ्या वहीत कधी 'छान' लिहीत नसत. कोपऱ्यात एवढंच लिहायचे, 'अजून'. त्या एका शब्दाची मी आठवडाभर वाट पाहायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी गृहपाठ दिला, घरातल्या एका माणसाचा हात. मी पप्पांचा उजवा हात घेतला, कारण मला अवघड काहीतरी करून दाखवायचं होतं. पप्पांच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. मी तिसरीत असताना चाकणच्या कंपनीत पॉवर प्रेसखाली गेली होती. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. बाहेर जाताना पप्पा तो हात खिशात ठेवायचे, घरी असले की त्यावर पंचा टाकायचे.

मी वही घेऊन समोर बसले तसं ते म्हणाले, "काय काढायलीस?"

"हात. शाळेत सांगितलाय."

त्यांनी पंचा हातावर ओढला. मग म्हणाले, "पाच बोटं काढ. शाळेत कशाला दाखवायचं ते?"

मी पाच काढली. तीन त्यांची, आणि नसलेली दोन माझ्याच डाव्या हाताकडं बघून, थोडी मोठी करून.

सरांनी वही हातात घेतली आणि वर्गासमोर धरली. "ही तीन बोटं काम केलेल्या माणसाची आहेत. आणि ही दोन कुठल्या पोरीची आणून चिकटवलीस?"

वर्ग हसला.  मी उभ्या उभ्या म्हणाले, "त्यांना ती नाहीयेत, सर. कंपनीत तुटली."

 सर आता माफी मागतील, असं मला वाटलं. त्यांनी वही मिटून मला दिली. म्हणाले, "मग ती जागा मोकळी सोडायची होतीस." आणि पुढं, "वडील घरी कधी असतात?"

पप्पांच्या सुट्टीच्या दिवशी सर खरंच आमच्या खोलीवर आले. आईनं चहा ठेवला. पप्पा खुर्चीच्या कडेला बसले होते, हातावर पंचा.

"हात इथं ठेवा," सर टेबलाकडं बोट दाखवत म्हणाले.

"कशाला सर? त्यात काय बगन्यासारखं हाय?"

"मला नाही बघायचा. तिला बघायचाय."

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला हात बघायचाय, असं मी कधी म्हटलं नव्हतं, पण ते खोटंही नव्हतं. इतक्या वर्षांत मी तो हात धड पाहिला नव्हता. पप्पांनी पंचा बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवला, मेणकापडावर, पालथा.

मी दोन तास काढत होते. आई आतून बाहेर आली नाही. मध्येच पप्पा आपणहून बोलायला लागले. मशीनला पुढं जाळी असायची, ती असली की हात आत जात नाही. पण जाळी लावली की माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरनं काढून ठेवायला सांगितली होती. "सगळ्यांचीच काढली व्हती. माझाच हात गेला, त्याला कोन काय करनार?" हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग ते सरांना म्हणाले, "पर सर, हे कुठं बोलू नका. त्यांनी मला काढलं न्हाई, पॅकिंगला बसवलं. उपकारच हायेत त्यांचे."

"नाही बोलणार," सर म्हणाले.

चित्र झाल्यावर पप्पांनी ते उजेडाला धरून बघितलं. "असाच हाय व्हय गं?" म्हणाले. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं, परत चित्राकडं. "बरं काढलंस." त्या दुपारी जेवून ते दारासमोर सतरंजीवर झोपले. हात छातीवर होता आणि पंचा खिळ्याला. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत मला सांभाळून ठेवावासा वाटणारा दिवस तो एवढाच.

सरांनी त्या चित्रावर 'अजून' लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. ते माझ्याकडून मागून घेतलं.

जानेवारीत शाळेच्या नव्या संगणक-खोलीचं उद्घाटन होतं. एका कारखान्याच्या मालकांनी देणगी दिली होती, तेच प्रमुख पाहुणे. शेजारच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन ठेवायचं ठरलं. पाहुणे म्हणजे पप्पांच्या कंपनीचे मालक, हे मला आदल्या दिवशी पप्पांकडूनच कळलं. "आमचे साहेब येनार हायेत तुमच्या शाळेत," असं ते कौतुकानं म्हणाले. माझं चित्र तिथं असेल, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सकाळी हॉलमध्ये गेले तर बाकीची चित्रं चार-चारच्या ओळींत लावलेली होती. माझं एकटं दाराजवळ, आत येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. खाली सरांच्या अक्षरात पट्टी: 'उजवा हात. पॉवर प्रेस.' त्याखाली माझं पूर्ण नाव. आपल्याकडं मुलीच्या नावात बापाचं नाव येतंच. सरांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. दिलेला शब्द त्यांनी असा पाळला.

मालक आत आले आणि थांबले. त्यांनी पट्टी वाचली. सोबतच्या माणसाला हळू आवाजात विचारलं, "आपल्याकडचाच ना हा?" मग मला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान काढलंय, बेटा." मला वाटलं, खरंच आवडलं. मी सरांकडं पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि चित्राकडं बघत नव्हते. ते मालकांच्या तोंडाकडं बघत होते.

दोन दिवसांनी मला वर्गातून मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं. तिथं पप्पा होते, कंपनीच्या कपड्यांत, ऐन शिफ्टच्या वेळी. सर खिडकीपाशी उभे होते. टेबलावर टाइप केलेला कागद होता. शिक्षकानं घरी येऊन, बळजबरीनं, आमची परवानगी नसताना हे चित्र काढून घेतलं, त्यातली माहिती खोटी आहे, असं काहीतरी त्यात होतं. पप्पांनी पेन अंगठा आणि उरलेल्या बोटांत धरलं आणि सही केली. सही करताना त्यांना नेहमी वेळ लागायचा. त्या दिवशी जास्त लागला. 

मग बाई माझ्याकडं वळल्या. "सरांनी तुला जबरदस्ती केली ना गं? घाबरू नकोस. खरं सांग."

मी पप्पांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. सरांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते, एखादी वस्तू बघावी तसे, न हलता.

"हो बाई," मी म्हणाले.

 तासावरच्या माणसाला काढायला फार काही लागत नाही. सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि ते आले नाहीत. ड्रॉइंगच्या तासाला गणित सुरू झालं. चित्र मला परत मिळालं नाही, मी मागितलंही नाही. आणि इतकं करून पप्पांचं कामही टिकलं नाही. पावसाळ्याच्या आधी त्यांना 'ब्रेक' दिला. ब्रेक म्हणजे थोडे दिवस थांब, मग बोलावतो. बोलावणं आलं नाही. ते मारुंजीकडच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले आणि कंबर जाईपर्यंत ते करत राहिले.

मी पेन्सिल सोडली. कॉमर्सला गेले, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला. आता हिंजवडीत दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. हुशार समजतात मला तिथं. जे कुणाला दिसत नाही ते हिला दिसतं, म्हणतात. प्रत्येक वेळी मला सर आठवायचे, आणि प्रत्येक वेळी ते 'हो बाई' आठवायचं. मला दृष्टी देणाऱ्या माणसाची भाकरी मी घालवली, या ओझ्यासकट मी अठरा वर्षं जगले. त्यांची स्तुती करत फिरायचे, ती त्याचीच परतफेड असावी.

गेल्या जूनमध्ये मी मुलीला आम्ही राहतो त्या पिंपळे सौदागरमधल्याच एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये चित्रकलेच्या क्लासला घातलं. पहिल्या शनिवारी सोडायला गेले. टेबलाभोवती आठ-दहा मुलं बसली होती, प्रत्येकापुढं एकेक वांगं. आणि गळ्याचं बटण लावलेला एक म्हातारा.

क्लास सुटेपर्यंत मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाक्य जुळवत होते. मग आत गेले, नाव सांगितलं. त्यांना ओळख पटेना.

"थेरगावची शाळा, सर. उजवा हात."

त्यांचा चेहरा उजळला. "ते चित्र! आहे का तुझ्याकडं?"

"नाही. सर, मला एक बोलायचं होतं. त्या दिवशी बाईंच्या खोलीत मी खोटं बोलले."

"तू काय करणार होतीस? चौदा वर्षांची पोर."

इतकं सोपं होतं ते. माझे डोळे भरून आले. तिथंच नमस्कार करून निघाले असते तर आजही मी त्यांच्याबद्दल सगळ्यांना सांगत राहिले असते. पण सर खुशीत होते. खुर्ची ओढून बसले, मलाही बसवलं.

"दार कसलं नेमकं साधलं होतं बघ! पाहुणे कोण येणार ते मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. पत्रिका माझ्याच अक्षरात होत्या. तुझ्या वडिलांनी त्या दिवशी कंपनीचं नाव घेऊन जाळीचं सांगितलं, तेव्हाच ठरवलं होतं मी. आत पाऊल टाकलं की पहिलं तेच दिसलं पाहिजे." ते हसले. "त्या माणसाचा चेहरा पाहिलास का तू? तेवढा एकदा बघायचा होता मला. भरून पावलं."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"सर, पप्पांनी तुम्हाला सांगितलं होतं, कुठं बोलू नका म्हणून."

"मी कुठं बोललो?"

"त्यांचं काय होईल, हे तुमच्या मनात आलं नाही?"

ते माझ्याकडं बघायला लागले. त्यांना खरोखरच प्रश्न समजला नव्हता. "नोकरी माझीही गेली की," म्हणाले. "त्याचं काय एवढं? चित्र लागलं होतं. दोन दिवस का होईना, भिंतीवर होतं."

मी वाट पाहिली. पप्पा कसे आहेत, आहेत का, हे ते विचारतील म्हणून. ते चित्राबद्दल बोलत राहिले. मनगटाची रेघ कशी एका दमात आली होती, मोकळी जागा कशी जमली होती. मनगटावरचा जुना डागसुद्धा त्यांना आठवत होता. हात कुणाचा होता, तेवढंच आठवत नसावं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसानं स्वतः काढलेलं एकही चित्र मी कधी पाहिलेलं नाही. फळ्यावरसुद्धा एका रेघेपलीकडं ते गेले नव्हते. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी चौदा वर्षांच्या मुलीच्या हातानं, तिच्या बापाचा हात लावून सांगितलं, आणि स्वतः भिंतीला टेकून बघत राहिले.

मुलीचा क्लास मी बंद केला नाही. हेही लिहायला हवं. ती वीस-वीस मिनिटं न बोलता वांग्याकडं बघते, आणि तिच्या वांग्याला वजन आहे. असं शिकवणारा दुसरा माणूस या भागात मला माहीत नाही. सोडायला आता नवरा जातो.

सर भेटले त्याच आठवड्यात आई-पप्पांकडं थेरगावला गेले, तेव्हा मुलीनंच आजोबांना सांगून टाकलं, की आईचे शाळेतले सर मला शिकवतात. पप्पा उठून बसले.

"कोन, ते ड्रॉइंगचे? हायेत व्हय अजून?" मग उजवा हात मांडीवर पालथा ठेवून म्हणाले, "त्या मानसाची नोकरी माझ्या सहीनं गेली गं. कधी कुनाला बोललो न्हाई. रस्त्यात दिसले तर पाय धरीन म्हनत व्हतो, दिसलेच न्हाईत."

आई दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हनले?" पप्पांनी विचारलं. "राग हाय का माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचीच चौकशी करत होते. तब्येत कशी आहे, विचारलं."

पप्पांचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं. नीट पाहिलं. इतकं हलकं झालेलं ते तोंड मी फार वर्षांनी बघत होते.

"एकदा जेवायला घेऊन ये त्यास्नी," ते म्हणाले. मी हो म्हणाले.

आता दर रविवारी दोघं विचारतात, कधी येणार. मी काही ना काही सांगते. क्लास असतो, गावाला गेलेत, पाय दुखतोय. परवा आई विचारत होती, सर मटण खातात का, की साधाच स्वयंपाक करायचा. मला काहीच माहीत नाही. खातात, म्हणून सांगितलं.